तलवारीचे चोज

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रं म्हणजे एक पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर (पैकी एकाचं टोक टेबलाचा खण उघडताना मीच वाकवलेलं), शिवणाची कात्री, नारळ फोडायचा कोयता, आईची विळी आणि अलीकडे लॅपटॉप. ही मांडणी बघून कुठलाही शत्रू घाबरणार नाही. फार तर प्लंबरला आपल्या धंद्याची काळजी वाटेल. आपल्याकडे खरी तलवार का नाही, असं मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "होती. पानशेतच्या पुरात गेली." पुण्यात या उत्तरावर अपील नसतं. १२ जुलै १९६१ला नदीकाठच्या पेठांतून जेवढं वाहून गेलं, त्याच्या कितीतरी पट ऐवज पुढच्या साठ वर्षांत त्याच पुरात वाहून गेला आहे. सोन्याचे तोडे, पेशव्यांच्या सनदा, आणि आमची तलवार. पुराच्या वेळी आमचं बिऱ्हाड पर्वतीच्या पायथ्याशी, चांगलं उंचावर होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तर एक खरी तलवार घरात असावी ही इच्छा तेव्हापासून पोटात होती. निवृत्तीनंतर पोटातलं सगळंच वर येतं. भाचा टोकियोत, निशी-कासाईला राहतो. हा भाग असा, की स्टेशनाबाहेर उभं राहून कुणाबद्दल मराठीत वाईट बोलायची सोय नाही. पलीकडचा माणूस वळून बघतो. भाचा तीन वर्षं "मामा, या एकदा" म्हणत होता आणि चौथ्या वर्षी आम्ही खरंच गेलो. हिच्या यादीत चेरीची झाडं, फुजी आणि पंधरा जणांना द्यायच्या पंधरा छोट्या वस्तू होत्या. माझ्या यादीत एकच शब्द होता. कताना.

"आपल्या धोपेला काय झालंय?" हिने विमानात विचारलं.

"धोप सरळ पात्याची. ती घेऊन घोड्यावर बसावं लागतं. कताना सोफ्यामागच्या भिंतीवरसुद्धा शोभते." दोन्ही तलवारींशी माझा परिचय सारखाच, म्हणजे शून्य होता.

माझं सगळं ज्ञान सिनेमातलं. 'किल बिल'मध्ये हात्तोरी हान्झो नावाचा कारागीर नायिकेला तलवार घडवून देतो, तेव्हा हान्झोच्या घराण्याचं दुकान असेल तर आपण थेट तिथेच जावं, असा माझा बेत. भाच्याने पहिल्याच दिवशी खुलासा केला, की खरा हान्झो तलवारी घडवत नव्हता. तो तोकुगावा इएयासूच्या पदरी सामुराई होता. राजवाड्याच्या एका दरवाज्याला त्याचं नाव आहे आणि त्यावरून भुयारी रेल्वेच्या एका मार्गालाही. म्हणजे ज्याच्या हातची तलवार घ्यायला मी आलो होतो, त्याच्या नावाचं फार तर तिकीट मिळणार होतं.

खरी जाणकार निघाली भाचेसून. २०१५ साली जपानमध्ये 'तोकेन रान्बू' नावाचा एक खेळ आला. त्यात इतिहासातल्या नामवंत तलवारींचे देखणे तरुण झालेले आहेत. तेव्हापासून तिथल्या मुली संग्रहालयांत तलवारींसमोर रांगा लावतात. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'मिकाझुकी मुनेचिका' नावाची शेकडो वर्षांची तलवार आहे. तिच्या पात्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात म्हणून मिकाझुकी, म्हणजे तृतीयेची कोर. भाचेसून तिच्याविषयी बोलू लागली की मावशी राजेश खन्नाविषयी बोलत तसा सूर लागतो. "तो फार शांत आहे हो, मामा," ती म्हणाली. मला वाटलं, ऑफिसातला कुणी.

जायच्या आधी तिने माझी तयारी करून घेतली. तलवारीचं माप शाकू आणि सुन यांत असतं. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, आणि एका शाकूत दहा सुन. "दहा सुना एका शाकूत?" ही म्हणाली, "आणि भांडत नाहीत?" दोन शाकूंहून लांब ती कताना, एक ते दोनमधली वाकिझाशी, एकाच्या आतला तो तांतो. कताना कमरेच्या पट्ट्यात धार वर करून खोचायची, म्हणून घरात मांडतानाही धार वरच. त्याहून जुनी ताची कमरेला टांगलेली, तिची धार खाली. ही एवढी गोष्ट माहीत असली, तर कुठल्याही दिवाणखान्यातल्या तलवारीकडे बघून 'हं' म्हणता येतं, आणि यजमानाची झोप उडते.

दुकान लहान होतं. आतमध्ये एक आजोबा बसले होते, आणि त्यांनी आम्हाला किती पैसे खर्च करणार हे विचारलंच नाही. घर समुद्राजवळ आहे का, हवा दमट आहे का, आपण वरचेवर गावाला जाता का, नसताना घरी कोण असतं, असे प्रश्न सुरू झाले. कुत्र्याचं पिल्लू देणारे लोक हेच विचारतात. मी म्हटलं, पुण्याची हवा कोरडी. भाच्याने भाषांतर केलं. हिला खोटं सहन होत नाही; आषाढात आमच्याकडे मिठाचं पाणी होतं, हे तिने खुणांनी, चिमूट उघडून-मिटून, आजोबांपर्यंत पोचवलं. आजोबांचा चेहरा गंभीर झाला.

परिस्थिती सावरली ती पु. ल. देशपांडे यांच्यामुळे. आजोबा मूळचे ओकायामाचे, हे बोलण्यात आलं. मी उडालोच. सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, आणि त्याला पुलंचं नाव आहे, हे मी भाच्याला धाप लागेपर्यंत सांगितलं. त्या बागेत आपण मुख्यतः फोटो काढतो आणि बाहेर येऊन भेळ खातो, एवढं वगळलं. आजोबा उठले. ओकायामा म्हणजे जुना बिझेन प्रांत, आणि बिझेनमधलं ओसाफुने म्हणजे जुन्या जपानी तलवारींचं माहेर. येवल्याला पैठणी, तशी ओसाफुनेला तलवार. तिथल्या सेतोउचि या लहानशा नगरपालिकेने २०२० साली 'सान्चोमो' नावाची, एकेकाळी उएसुगी केन्शिनकडे असलेली एक तलवार ५० कोटी येनला विकत घेतली, तीही देशभरातून लोकांनी दिलेल्या देणग्यांतून. वर्गणीच्या बाबतीत आमची गल्ली स्वतःला कमी समजत नाही. पण एवढी रक्कम ऐकून मी मनातल्या मनात पावतीपुस्तक मिटलं.

आजोबांनी आतून एक लांब रेशमी पिशवी आणली. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि घड्याळ काढायला लावलं. मग अंगठी. मग खिशातलं पेन. देवळात गाभाऱ्याशी जाताना शर्ट काढायला लावतात, तसं हे कुठवर जाणार याची मला थोडी काळजी वाटू लागली. आधी तलवारीला वाकून नमस्कार करायचा. म्यान आडवं, धार वरच्या बाजूला. मूठ उजव्या हातात, आणि पातं पाठीवर सरकवत एका ओघात बाहेर काढायचं. मध्ये थांबायचं नाही, वाकडं करायचं नाही, नाहीतर धार म्यानाला आतून खरवडते. सिनेमात म्यानातून निघताना जो 'श्शिंग' असा आवाज येतो, तो खऱ्या तलवारीतून आला तर समजावं की काहीतरी बिघडलं. म्यान लाकडाचं असतं. चांगली तलवार आवाज न करता बाहेर येते, उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यासारखी.

पात्याला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागला, की काही दिवसांत तिथे बोटाचाच गंजलेला ठसा उमटतो. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पातं उघडं असताना त्यावर बोलायचं नाही. तोंडातले तुषार उडतात. जुने लोक त्यासाठी ओठांत कागदाची घडी धरत. भाच्याने हे भाषांतर केल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं, आणि अशा तलवारी घरात चार-पाच तरी असाव्यात, असा विचार तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला.

बघण्याचाही क्रम आहे. आपण मूठ बघतो, मुठीवरची दोऱ्यांची गुंफण बघतो, हातरक्षकावरचा सोन्याचा बगळा बघतो. हे सगळं बदलता येतं; त्याला भुलणारा माणूस सोफ्याचं कव्हर बघून घर घेणारा. आधी पात्याचा बांधा बघायचा, त्याचा बाक. मग पोलादाचं अंग: त्यात लाकडासारख्या रेषा, गाठी, लाटा असतात. मग शेवटी धारेलगतची ती पांढुरकी नक्षी, हामोन. दिव्याकडे पातं धरून थोडं थोडं तिरकं केलं की ती दिसते आणि नाहीशी होते. मी तोंड मिटून ते केलं. पहाटे घाटात धुकं दरीतून वर चढताना जशी त्याची कड दिसते, तसं काहीतरी पात्यावरून चाललं होतं. अर्धा मिनिट माझ्या डोक्यात किंमत आली नाही. पुणेकराच्या बाबतीत ही नोंद ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

किंमत मग आलीच. आज हयात असलेल्या नामांकित लोहाराकडून नवी कताना घडवून घ्यायची तर दहा लाख येनच्या पुढे बोलावं लागतं, म्हणजे आपले साडेपाच-सहा लाख रुपये. मी म्हटलं, एवढं काय आहे त्यात? आजोबांनी चहा मागवला. चहा आला म्हणजे उत्तर लांब आहे.

त्यात पहिलं म्हणजे पोलाद. शिमाने प्रांतात ओकुइझुमो इथे हिवाळ्यात 'तातारा' नावाची मातीची भट्टी पेटते. युद्धानंतर ती बंद पडली होती. जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली निघालेल्या संस्थेने ती १९७७ साली पुन्हा उभी केली. तीन दिवस आणि तीन रात्री माणसं आळीपाळीने कोळसा आणि लोहवाळू टाकत राहतात. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खाऊन भट्टी अडीच टनांचा एक ओबडधोबड गोळा देते, आणि तो काढण्यासाठी भट्टीच फोडावी लागते. त्या गोळ्यातलाही काहीच भाग तलवारीच्या लायकीचा, त्याचं नाव तामाहागाने. तो देशातल्या परवानाधारक लोहारांना वाटून मिळतो. रेशनवरच्या साखरेसारखा.

लोहार पुढे ते तापवतो, ठोकतो, दुमडतो. इथे माझ्याकडे एक माहिती होती आणि ती मी सोडली: कताना हजार वेळा दुमडतात. आजोबा इतके हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. घडी दहादा-पंधरादा घालतात. प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात. दहाव्या घडीला १,०२४ आणि पंधराव्या घडीला ३२,७६८. चिरोट्याला यातला एकही आकडा झेपणार नाही. घड्या घालण्यात काही मंत्रतंत्रही नाही. वाळूतून निघालेलं पोलाद सगळीकडे सारखं नसतं. ठोकून, दुमडून त्यातली घाण बाहेर काढायची आणि कर्ब सगळीकडे सारखा पसरवायचा. कणीक मळायचीच ही गोष्ट, फक्त ओटा तापलेला. मग पात्याला मातीचा लेप द्यायचा, पाठीवर जाड, धारेवर पातळ. पोलादाचा रंग नीट कळावा म्हणून खोलीत अंधार करायचा, आणि तापलेलं पातं पाण्यात बुडवायचं. धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि लवचीक राहते. तो सुंदर बाकही बराचसा त्या क्षणी पाण्यात येतो, कारण कडक होताना धारेकडचं पोलाद फुगतं. कधीकधी एक बारीक 'टिंग' ऐकू येतो, आणि महिन्याभराची मेहनत तडकलेली असते. माणूस कितीही मोठा असो, महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायची परवानगी. त्याआधी किमान पाच वर्षं उमेदवारी आणि मग सरकारी परीक्षा. मी मुकाट्याने चहा प्यायलो.

जुनी तलवार घ्यावी, तर ती 'थकलेली' नाही ना हे बघायचं. हा त्यांचाच शब्द. दर वेळी दगडावर घासताना पोलाद थोडं झिजतं. शे-दोनशे वर्षांत इतकं, की कडक कातडीखालचं मऊ पोलाद डोकावू लागतं. अशी तलवार थकली म्हणायची. मला एकदम आईच्या विळीची आठवण झाली. तिचं पातं नवं असताना वीतभर रुंद होतं म्हणतात. आता चंद्रकोर राहिली आहे. आमच्या गल्लीत धारवाला सायकलवर येतो आणि दहा मिनिटांत कुठल्याही पात्याला धार लावून देतो, असं मी कौतुकाने सांगितलं. भाच्याने याचं भाषांतर करायला साफ नकार दिला. इथे धार लावणारा म्हणजे तोगिशी. त्याचीही उमेदवारी काही वर्षांची. खरखरीत दगडापासून सुरुवात करून एकामागून एक मऊ दगड, आणि शेवटी कागदावर चिकटवलेल्या, नखाएवढ्या पातळ चकत्या अंगठ्याखाली धरून इंचाइंचाने घासायचं. कित्येक दिवसांचं काम. मजुरी सुनेवर.

मुठीच्या आतला भाग म्हणजे नाकागो. तिथे लोहार छिन्नीने आपलं नाव घालतो, कधी गाव आणि महिनाही. गंमत म्हणजे जुन्या तलवारींवर महिना बहुतेकदा दुसरा किंवा आठवा असतो. काम केव्हाही संपो, मुहूर्ताचे महिने ठरलेले. आपण वाटीवर 'चि. सौ. कां.'पासून सगळी कुळकथा कोरून घेतो, त्यामुळे हे मला फार घरगुती वाटलं. पण नाव आलं की नकलाही आल्या. नागासोने कोतेत्सू नावाचा एक नामवंत लोहार होऊन गेला. 'कोतेत्सू दिसली की खोटी समज' अशी जाणकारांत म्हणच आहे. तलवारी पारखणारं होनआमी घराणं खरेपणाचा दाखला लिहून देई, तो दुमडलेल्या कागदावर, म्हणून त्याचं नाव ओरिगामी. आजही जपानीत खात्रीच्या माणसाला 'ओरिगामीवाला' म्हणतात. ओरिगामी म्हणजे कागदाचा बगळा, एवढंच तोवर मला माहीत होतं.

आणि नाकागोवरचा काळपट गंज. तो पुसायचा नाही. त्यावरूनच वय ठरतं. हौसेने तो घासून लख्ख करणारे लोक असतात आणि तलवारीचं त्यांच्याइतकं नुकसान कुठल्याही लढाईने केलेलं नाही. हे ऐकून हिने माझ्याकडे पाहिलं. आजीचं तांब्याचं घंगाळ मी एकदा चिंचेने, मग विटकरीने आणि शेवटी ड्रिल मशीनला ब्रश लावून घासलं होतं.

मग कागदपत्रं. जपानमध्ये तलवार बाळगायला माणसाला परवाना लागत नाही. नोंदणी तलवारीची असते. १९५८च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक तलवारीचं कार्ड असतं, मालक बदलला की वीस दिवसांत कळवायचं, आणि हे कार्ड कोण देतं? प्रांताचं शिक्षण मंडळ. आजीच्या माळ्यावर तलवार सापडली, तर आधी पोलिसांत वर्दी द्यायची, मग ती शिक्षण मंडळासमोर परीक्षेला बसवायची. पारंपरिक पद्धतीने, हाताने घडवलेली असेल तर पास. युद्धकाळात कारखान्यात यंत्रावर काढलेली असेल तर नापास, आणि तिथे एटीकेटी नाही. सरावासाठी मिळते ती इआइतो, जस्त-ॲल्युमिनियमची, बिनधारेची, चुंबक न चिकटणारी. कुणी जपानहून स्वस्तात कताना आणली असं सांगत असेल, तर जाताना फ्रीजवरचं चुंबक खिशात टाकावं.

देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याचा दाखला, आणि आपल्याकडे उतरल्यावर १९५९चा शस्त्र कायदा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला त्यात परवान्याची भानगड आहे, घरगुती, शेतीची वगैरे अवजारं सोडून. हे वाचताना मी मनात पुन्हा विळीपाशी आलो. दोन इंच तर ती नक्की होती. पण घरगुती.

तलवारी काढून घेण्याचा जपानी सरकारांना जुना नाद आहे. १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी जमा केल्या आणि जाहीर केलं, की त्यांचे खिळे करून बुद्धाच्या भव्य मूर्तीला वापरू, म्हणजे तुम्हाला परलोकातही पुण्य. करवसुलीचं इतकं गोड पत्र मला आजवर आलेलं नाही. १८७६ साली सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली आणि सेकी, साकाईसारख्या गावांतले लोहार सुऱ्या-वस्तऱ्यांकडे वळले. १९४५ साली अमेरिकन फौजेने पुन्हा गोळा केल्या. होन्जो मासामुने ही तोकुगावा घराण्याची विख्यात तलवार त्या डिसेंबरात टोकियोच्या मेजिरो पोलीस ठाण्यात रीतसर जमा झाली, आणि तिथून जी गेली ती गेलीच. जपानचं हे पानशेत. फरक इतकाच, की त्यांची खरोखर होती.

एव्हाना मी काही घेणार नाही हे आजोबांनी ओळखलं होतं. तरी त्यांनी देखभाल शिकवलीच. न घेणाऱ्या गिऱ्हाइकाला इतका वेळ देणारा दुकानदार बघून मला लाज वाटली; लक्ष्मी रोडवर तिसऱ्या साडीलाच "बजेट किती आपलं?" येतं.

पितळेच्या एवढ्याशा हातोडीने मुठीतली बांबूची खुंटी, मेकुगी, ठोकून काढायची. बांबूच, कारण तो लवतो आणि तुटताना आधी कळवतो. मग तलवार डाव्या हातात तिरपी, जवळजवळ उभी धरून त्याच मनगटावर उजव्या मुठीने हलके मारायचं. पातं आपोआप मुठीतून सुटतं. जोरात मारलं तर सुटून कुठे जातं, हे आजोबांनी छताकडे बघून सुचवलं. मऊ कागदाने, नेहमी पाठीकडून धरून, जुनं तेल पुसायचं. मग उचिको. बारीक दगडाची पूड रेशमी गोळ्यात बांधलेली असते. तो पात्यावर टपटप टेकवत जायचं, बाळाला आंघोळीनंतर पावडर लावावी तसं. पांढरे ठिपके पुसले की तेलाचा अंश निघतो. हल्ली काही जाणकार म्हणतात उचिकोनेही ओरखडे पडतात, जपून वापरा; म्हणजे बाळाच्या पावडरीसारखेच इथेही दोन पक्ष आहेत. मग नव्या तेलाचा अगदी पातळ हात. नव्याने घासलेल्या पात्याला सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, पुढे तीन-चार महिन्यांनी. हे तेल मूळ लवंगेचं आणि त्याचं नाव चोजी. मराठीत चोज पुरवणं म्हणजे काय, हे मी भाच्याला सांगितलं आणि त्याने आजोबांना. आजोबा म्हणाले, बरोबर आहे, तेच ते.

आणि कपडे! नक्षीचं, लाखेचं म्यान हे बाहेर जायचं. घरात तलवार साध्या, बिनरंगी लाकडाच्या शिरासायात झोपते. ते लाकूड होनोकीचं, म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या सख्ख्या कुळातलं. तलवार घरच्या कपड्यांत असताना पोशाखी म्यान-मूठ मोकळी पडू नये म्हणून त्यात लाकडी पातं घालून ठेवतात. पैठणी हँगरला आणि बाई गाऊनमध्ये. शिरासायाचे दोन भाग चिकटवतात भाताच्या खळीने, म्हणजे आत गंज किंवा घाण झाली तर उकलता येतात. लहानपणी मी पतंगाची फाटकी बाजू भाताच्या शितांनी चिकटवत असे. सबंध दुपारात मला येत असलेली ही एकमेव गोष्ट होती आणि मी ती अभिमानाने सांगितली.

म्यान प्रत्येक पात्याच्या बाकासाठी वेगळं. त्या बाकाला म्हणतात सोरी, आणि दोन माणसांचं पटत नसलं की जपानी म्हणतात, त्यांची सोरी जुळत नाही. भांडून पुन्हा नांदू लागलेलं जोडपं 'मूळच्या म्यानात परतलं'. "आमच्यात सोरी नुसती म्हणायची असते," ही म्हणाली, "आणि तीही मीच म्हणते."

शेवटी आजोबा जे बोलले त्याचं भाषांतर भाच्याने सावकाश केलं. ही तलवार सहाशे वर्षांची आहे. तिने वीस-पंचवीस माणसं पाहिली असतील. मी स्वतः तिच्याकडे अकरा वर्षांपूर्वी लागलो. "लागलो म्हणजे?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, नोकरीला लागतो तसं."

निवृत्त झाल्यावर पुन्हा नोकरीला लागायची माझी हिंमत नव्हती. मी देखभालीची पेटी घेतली. छोटी, लाकडी, आत उचिकोचा गोळा, चोजीची बाटली, कागद आणि पितळी हातोडी. निव्वळ पेटी, तलवारीविना. गाय न घेता घंटा घेतल्यासारखं दिसतं, हे मलाही कळत होतं.

यंदाच्या खंडेनवमीला मी सकाळीच विळी घेऊन बसलो. मनगटावरचं घड्याळ काढलं. अंगठी काढली. विळीला नमस्कार केला. पितळी हातोडीने पाटातली पाचर ठोकून पाहिली. हातोडी वाकली, पाचर हलली नाही. मग कोयत्याच्या उलट्या बाजूने ठोकली. पातं सुटलं. जुनं तेल नव्हतंच, फणसाचा चीक होता, तो खोबरेल लावून काढला. उचिको टपटप केलं. लवंगेचं तेल लावल्यावर घरभर दाढदुखीच्या औषधाचा वास सुटला. पाटात रुतलेला पात्याचा भाग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. काळाभोर गंज, आणि त्यात छिन्नीच्या दोन खुणा, एक आडवी, एक उभी. लोहाराची निशाणी असेल, नाहीतर घण निसटला असेल. मी कागद तिथपर्यंत नेला आणि परत आणला.

"झालं का?" ही स्वयंपाकघरातून आली. "नारळ खवायचाय मला." मी ओठांत कागदाची घडी धरली होती, म्हणून हाताने थांबायची खूण केली. ती थोडा वेळ उभी राहिली. सोनचाफ्याचं लाकूड नव्हतं, म्हणून मी विळी तिच्याच जुन्या गाऊनमध्ये गुंडाळत होतो.

"बरं," ती म्हणाली, "मग कोपऱ्यावरून खवलेलं खोबरं आणा. पाव किलो."

मी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जिना उतरू लागलो. दुसऱ्या मजल्यावरून परत आलो. तेलाच्या हाताने कडी लावली होती. धार वरच ठेवली होती ना, तेवढं बघून घेतलं.